तिसऱ्या राजांची दाढी

शिंक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या पेसुआ गावच्या देवळात मी तेव्हा लिखापढीचं काम करायचो. फोचूच्या वाणिज्य शाळेतून पास झालेला मी गावातला तिसरा. पहिले दोघे ताइपेला गेले, मी परत आलो. परत येणाऱ्याला गाव काही ना काही शिक्षा देतंच. मला तांबड्या कागदावर देणगीदारांची नावं लिहायला बसवलं. वर झाडलोट, चहा आणि मोठ्या धुपाटण्यातली राख चाळणं.

त्या दिवशी राख चाळायला धुपाटणं पुढे ओढलं, नाकात धूळ गेली आणि मी सगळं तोंड आत घालून शिंकलो. राख उडाली ती आमच्या देवापुढच्या, म्हणजे तिसऱ्या राजांपुढच्या, काळ्या मेजावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरली. फडकं घेऊन पुसणार, तेवढ्यात दारातून आरोळी आली.

"हात लावू नकोस! मागे हो! अजून मागे!"

थ्येनलाय काका. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ आणि देवळाचा कारभारी. सुपारी खाऊन दात लाल, पोट अंगाच्या आधी आत येणारं. ते चवड्यांवर चालत मेजापाशी आले, मान तिरकी केली आणि श्वास रोखला.

"सहा," काका पुटपुटले. "आणि हा बघ, दोन. बासष्ट! राजांनी बासष्ट दिला!"

मला तिथे एक बिनशेपटीचं कुत्रं दिसत होतं. पण देवाच्या तोंडावर शिंकलो हे कबूल करण्यापेक्षा कुत्र्याचा बासष्ट झालेला मला परवडला. मी मान डोलावली.

त्या वर्षी सगळा मुलूख आकड्यांनी पछाडला होता. सरकारी सोडत निघायची महिन्यातून तीनदा, पाच, पंधरा आणि पंचवीसला. तिच्या एका बक्षिसाच्या शेवटच्या दोन अंकांवर चोरून आकडा लावायचा, शून्य शून्यपासून नव्याण्णवपर्यंत कुठलाही. खेळाचं नाव 'सगळे खूश'. नाव ठेवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा होता. आकडा कुठे मिळेल याचा नेम नसे. डुकरिणीला पिल्लं किती झाली, सुनेने भांडणात बशा किती फोडल्या, नाल्यात पडलेल्या मोटारसायकलचा नंबर काय. पाय मोडून इस्पितळात पडलेल्या माणसाला भेटायला लोक फळं घेऊन जायचे आणि येताना खाटेचा नंबर घेऊन यायचे. मग देव कसा सुटणार? आमच्या तिसऱ्या राजांकडे तर साथीचे रोग हाकलण्याचं खातं होतं. आता रोग उरले नव्हते. ते रिकामेच बसलेत, तर आकडे द्यायला काय हरकत आहे, असं काकांचं मत.

संध्याकाळपर्यंत बासष्ट पाहायला रांग लागली. रांगेत सगळ्यात शेवटी बोंगयो मावशी उभी होती, आणि हे नवल होतं, कारण तिने आयुष्यात कधी आकडा लावला नव्हता.

बोंगयो म्हणजे 'झालीच आहे तर वाढवा'. पाचवी मुलगी झाल्यावर बापाने ठेवलेलं नाव. त्या नावाचा राग तिने त्रेपन्न वर्षं जपला होता. तशी ती कुणावर भडकत नसे. राग तिच्याकडे राहायला यायचा, आणि ती त्याला वेळेवर जेवू घालायची. सव्वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा समुद्रात गेला. त्याच्या दिवसांना तिचा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईमाणसाने समुद्र सांभाळायचा नसतो." अकरा वर्षांनी त्या दिराच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा तिने आहेर म्हणून शंभर कालवं पाठवली. टोपली बघून सगळे खूश. फोडायला बसले तर प्रत्येक कालव आधीच फोडून, मांस काढून, दोऱ्याने पुन्हा मिटून बांधलेलं. शंभरच्या शंभर. नवरीसमोर दिराचं तोंड कसं झालं, ते मावशी कालवं फोडता फोडता अजून करून दाखवते.

तिच्या जगात आपोआप असं काही होत नसे. दोरी तुटली तर कुणी तरी तोडली. मांजर आडवं गेलं तर कुणी तरी पाठवलं. आणि जे होतं ते कशाला तरी जोडलेलं असतंच, ही तिची खात्री. आदल्या वर्षीच्या वादळाने तिच्या कालवांच्या सगळ्या रांगा मुळासकट नेल्या, तेव्हा लोक म्हणाले वादळ आलं. ती म्हणाली, "माझ्याकडे आलं."

रांगा म्हणजे उथळ पाण्यात रोवलेले बांबू, त्यांना शिंपल्यांच्या माळा लटकवायच्या, माळांवर कालवं धरतात. समुद्राला कागदपत्रं नसतात. ज्याचे बांबू उभे, त्याचं पाणी. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत जागा रिकामी दिसली तर शेजारचा आपले बांबू पुढे सरकवतो, आणि कुणी काही म्हणू शकत नाही. मावशीच्या शेजारचं पाणी दिराचं होतं. त्याने बांबू तोडूनही ठेवले होते.

मावशी राखेवर वाकली. मग बोटं मोजायला लागली.

"तो गेला सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा, दोन. त्याला जाऊन सव्वीस वर्षं. दोन, सहा. माझ्या रांगा सहा होत्या. वादळानंतर काठावर बांबू सापडले दोन." तिने राजांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिनतेक, हा माझ्याशी बोलतोय."

तिच्या लग्नाची तारीख, तिचं वय, घराचा क्रमांक यांत ना सहा होता ना दोन. पण ज्या गोष्टी बसत नव्हत्या त्या तिने बोटांवर घेतल्याच नाहीत.

"मावशी, राख आहे ती," मी म्हणालो.

"माझा नवरासुद्धा राखच आहे. म्हणून काय त्याला अर्थ नव्हता?" मग ती राजांना म्हणाली, "सव्वीस वर्षांनी आठवण झाली का रे तुला? ठीक आहे. दे परत."

बांबूंसाठी तिने वर्षभर दुसऱ्यांची कालवं फोडून पैसे साठवले होते. ते सगळे तिने बासष्टवर लावले. मी शिंकेचं तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण काका शेजारी उभे होते.

पंधरा तारखेला आकडा फुटला. सव्वीस.

देवळात ही गर्दी. मला वाटलं, आता राजांचं काही खरं नाही. आजूबाजूच्या गावांत आकडा चुकला म्हणून लोकांनी देवांचे हात तोडले होते, नाक कापून ओढ्यात फेकले होते. पण थ्येनलाय काका पायरीवर चढले, आणि त्यांचा चेहरा सणासारखा होता.

"राजे चुकले नाहीत! राजे बसलेत आपल्याकडे तोंड करून. त्यांचा डावा तो आपला उजवा. त्यांनी त्यांच्या बाजूने सव्वीस लिहिलं, आपण आपल्या बाजूने बासष्ट वाचलं."

गर्दीतून असा काही हुंकार आला की जणू सगळ्यांना हे आधीपासून माहीत होतं. दोघं-तिघं तर म्हणाले, आम्हाला त्या दिवशीच शंका आली होती. काकांनी बासष्टही लावला होता आणि सव्वीसही. हे त्यांनी निकाल लागल्यावर सांगितलं.

"कारभारी," मावशी मागून म्हणाली, "बासष्ट पहिल्यांदा वाचलं कुणी?"

"मी? मी नुसतं पाहिलं, वहिनी. लिहितो देव. वाचणारा चुकला तर लिहिणाऱ्याचा काय दोष?"

"माझे बांबू गेले."

"तुझंच नशीब बघ. सव्वीस वर्षं, सव्वीस वर्षं म्हणत होतीस, आणि लावलास बासष्ट! देवाने तुझ्या तोंडात घास दिला, तू कानात घातलास."

सगळे हसले. "मावशी, पुढच्या खेपेला मेजाखालून वाच!" न्हावी ओरडला. पुन्हा हसले. मावशी हसली नाही. ती एकेका हसणाऱ्या तोंडाकडे पाहत होती, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती नावं पाठ करत होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ओहोटी होती, गाव जेवून लवंडलं होतं, तेव्हा मी चहा बदलायला गाभाऱ्यात गेलो. तिसऱ्या राजांचं आसन रिकामं. फरशीवर पाण्याचे थेंब, दारातून खाली उतरत गेलेले. खारट वास. मला कुणाला विचारायची गरज पडली नाही.

मावशीच्या खोपीत राजे शिंपल्यांच्या ढिगावर बसले होते. कालवांच्या टोपलीतून, वर ओलं पोतं टाकून आणलेले. जरीचा अंगरखा भिजून पोटाला चिकटलेला, दाढीत एक खेकड्याचं पिल्लू. मावशी समोर उकिडवी बसली होती. पुढ्यात कालवं फोडायची सुरी, हातात देवाला कौल लावायचे दोन लाकडी तुकडे. ते चंद्रकोरीच्या आकाराचे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर एक सपाट नि एक फुगीर पडलं तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देव हसला असं म्हणतात.

"दार लाव," ती मला म्हणाली. "साक्षीदार हवाच होता." मग राजांना, "चूक तुझी होती, कबूल कर."

तुकडे टाकले. दोन्ही सपाट.

"हसतोय," ती म्हणाली. "पुन्हा विचारते. माझ्यासाठी लिहायचं तर माझ्या बाजूने का नाही लिहिलंस? चुकलास की नाही?"

दोन्ही सपाट.

"मावशी, सोड. लाकूड आहे, कसंही पडतं."

"गप्प. तिसऱ्यांदा विचारते."

तिसऱ्यांदाही दोन्ही सपाट. एक तुकडा तर वाटेत फुगीर पडता पडता कलंडला. बाहेर बगळा ओरडला. मावशीने सुरी उचलली.

मला राजांचं नाक दिसायला लागलं, आणि नाकावरून मला माझं नाक आठवलं. मी सगळं सांगून टाकलं. राख चाळत होतो, शिंक आली, तोंड आत होतं, काकांनी पाहिलं, मी घाबरलो. राजांनी काही लिहिलं नाही, मावशी. ना त्यांच्या बाजूने, ना तुझ्या. माझ्या नाकाने लिहिलं.

तिने मान माझ्याकडे केली. आता सुरी माझ्याकडे वळते असं मला वाटलं.

"तू शिंकलास."

"हो."

"आधी कधी शिंकला होतास धुपाटण्यात?"

"नाही."

"चार वर्षं राख चाळतोस. एकदाही नाही. आणि नेमका त्याच दिवशी शिंकलास." ती राजांकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे पोराच्या नाकाचा वापर केलास. स्वतःच्या हाताने लिहायची लाज वाटली. उद्या कुणी पकडलं तर म्हणता यावं, मी नाही, तो शिंकला."

"मावशी, तसं नाही..."

"तुझा दोष नाही रे. तू साधा आहेस. तुला वापरलं." आणि माझ्या कबुलीने राजांचा गुन्हा दुप्पट करून तिने त्यांची दाढी मुठीत धरली. खऱ्या केसांची दाढी, छातीपर्यंत रुळणारी. माझ्या आजोबांच्या वेळी ताइनानच्या कारागिराने एकेक केस ओवून बसवलेली. कालवाची सुरी तीन वेळा करकरली. हनुवटीवर फक्त खुंट उरले. मावशीने केस ओंजळीत घेतले, दार उघडलं आणि ओहोटीच्या चिखलात फेकले.

"नाक ठेवलंय," ती म्हणाली. "वास येऊ दे त्याला."

मग तिने राजांना कडेवर घेतलं आणि दिवसाढवळ्या, भर रस्त्याने देवळात नेऊन बसवलं. काका धावत आले. राजांकडे पाहून त्यांनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

"घ्या तुमचा लिहिणारा," मावशी म्हणाली. "आता त्याची बाजू कुठली नि आपली कुठली, नीट बघून ठेवा."

गावात केवढा गहजब! कुणी म्हणे तिला वाळीत टाका. कुणी म्हणे सगळ्या गावाला रोग लागेल. दिराने तर म्हटलं की पौर्णिमेची वाट कशाला पाहायची, अशा बाईचं पाणी आत्ताच काढून घ्या. ठराव लिहायला मला बसवलं. मी शाई उगाळत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून न्हाव्याने विचारलं, "खुंट किती राहिलेत?"

सगळे थांबले. पंचवीस तारखेला चार दिवस होते.

ठराव राहिला तो राहिलाच. लोक एकामागून एक राजांच्या हनुवटीशी डोळा नेऊन मोजू लागले. काकांना अठरा दिसले. शाळेच्या मास्तरांनी भिंग आणलं, त्यांना सतरा. म्हाताऱ्या चहावाल्याला एकवीस, पण त्याला एरवीही दोन दोन दिसायचे. न्हावी म्हणाला एकोणीस, आणि दाढीच्या बाबतीत आपण चुकत नसतो. ज्याने त्याने आपापली मोजणी लावली. पंचवीसला एकोणीस फुटला. न्हाव्याने फटाके लावले. बाकीचे कपाळ बडवून म्हणाले की खुंट बरोबरच होते, आपलीच नजर चुकली. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे मिळून निघाले बोंगयो मावशीकडे. आकडा तिच्या सुरीने काढला होता ना!

पहिल्या दिवशी तिने त्यांना कालवं धुतलेल्या पाण्याची बादली दाखवली. दाखवून थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ते छत्र्या घेऊन आले.

"काय वेड लागलंय यांना?" ती मला म्हणाली. तिच्या खोपीत माझं जाणं वाढलं होतं. नाकाचं देणं लागतो, म्हणून मी तिला माळा ओवायला मदत करायचो. माळा होत्या, लटकवायला बांबू नव्हते. पौर्णिमेला पाच आठवडे उरले होते.

"वेड कसलं," मी म्हणालो. "सतरापासून एकवीसपर्यंत सगळे आकडे कुणी ना कुणी मोजले होते. जो फुटला असता तो कुणाचा तरी निघालाच असता. शंभर माणसांना शंभर वेगळे आकडे दे, एकाला लागणारच. त्यात देव लागत नाही, नाक लागत नाही, दाढी लागत नाही."

तिची सुरी थांबली.

"एकाला लागणारच?"

"लागणारच."

"आणि बाकीच्यांना?"

"नव्याण्णव जण घरी."

ती कालव हातात धरून समुद्राकडे बघत राहिली. इतका आनंद मी तिच्या तोंडावर दिराच्या टोपलीची गोष्ट सांगतानाही पाहिला नव्हता.

"हिनतेक," ती म्हणाली, "मला ते नव्याण्णव पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी तिने खोपीबाहेर फळी लावली; अक्षर माझंच. आकडा वाचून मिळेल, माणशी एक. दहा बांबू, हिरवे, दोन पुरुष उंच. वाकडे चालणार नाहीत.

आले. हसणारे सगळे आले. न्हावी आला, मास्तर आले, वाळीत टाका म्हणणारे आले, पलीकडच्या दोन गावांतून हातगाड्या आल्या. सहा दिवसांत एकाहत्तर जण. मी पोत्याच्या पडद्यामागे वही घेऊन बसायचो, म्हणजे कुणाला दिलेला आकडा पुन्हा कुणाला जाऊ नये. मावशी एक कालव उचलायची, कानाशी धरायची, आलेल्या माणसाकडे अशी पाहायची की त्याला आपले सगळे अपराध आठवावेत. मग फोडायची, आतल्या पाण्यात डोकावायची आणि आकडा सांगायची.

"त्र्याहत्तर. कुणाला सांगू नकोस."

"बायकोलाही नाही, मावशी?"

"त्या दिवशी पायरीवर तुझ्या शेजारीच उभी होती ना ती? हसत होती. तिला वेगळा आकडा घ्यायला पाठव. दहा बांबू घेऊन."

मावशी मात्र शांत होती. प्रत्येक आकड्याबरोबर मनातलं एक नाव खोडत होती. दिराने स्वतः यायचं टाळलं, सून पाठवली. मावशीने तिला आकडा दिला, आणि दिराने मावशीच्या पाण्यासाठी तोडून ठेवलेल्या बांबूंतले दहा त्याच्या दारातून निघून मावशीच्या दारात आले. ते तिने वेगळे बांधून ठेवले. म्हणाली, हे पहिले रोवायचे, त्याच्या हद्दीला लागून.

एकाहत्तरावे थ्येनलाय काका. मागे गड्याच्या खांद्यावर बांबू.

"आठ आहेत," मावशी न मोजता म्हणाली.

"दोन उद्या देतो, वहिनी. कारभाऱ्यावर विश्वास नाही?"

"बस." तिने टोपलीत हात घातला आणि वरची ताजी कालवं सोडून तळातून एक काढलं. फोडलं. आत चिखल. दुसरं फोडलं. त्यातही चिखल. दोन्ही शिंपले तिने त्यांच्यासमोर पालथे घातले.

"रिकामा आणि रिकामा. शून्य शून्य."

काकांचे कान लाल झाले. "माझी चेष्टा करतेस? मागच्याला सत्तेचाळीस, त्याच्या आधीच्याला एक्क्याऐंशी, आणि मला दोन भोपळे?"

"मी नुसतं पाहिलं, कारभारी. लिहितो देव."

काका तरातरा निघून गेले. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की शून्य शून्यवर एक पैसा लावणार नाही, अठ्ठ्याऐंशी लावणार, तो कुणाच्या बापाला विचारावा लागत नाही.

पाच तारखेला सगळं गाव चहाच्या टपरीपाशी रेडिओला चिकटलं होतं. मावशीही आली होती, पहिल्यांदाच. तिला निकालाशी कर्तव्य नव्हतं. तिला तोंडं बघायची होती.

रेडिओ म्हणाला, शून्य. मग पुन्हा म्हणाला, शून्य.

एकाहत्तरांतले सत्तर हरले होते, आणि एकाहत्तराव्याने आकडा मिळूनही लावला नव्हता. सत्तर माना हळूहळू काकांकडे वळल्या. सगळ्यात आधी न्हावी हसला.

"कारभारी, घास दिला होता की! कानात घातलात काय?"

मग असा हशा फुटला की टपरीवरचा पत्रा वाजला. काका हसायचा प्रयत्न करत होते. लाल दात दिसत होते, पण हसू येत नव्हतं. हरलेल्यांपैकी एकही मावशीवर रागावला नाही, याचं मला आश्चर्य वाटत होतं. दोन दिवसांत तेही कळलं. कुणी म्हणाला मी बायकोला सांगितलं म्हणून गेला. कुणी म्हणाला माझे दोन बांबू वाकडे होते. मास्तर म्हणाले मी खोपीत डावा पाय आधी टाकला. मावशीने प्रत्येकाला कालवासारखं फोडून, रिकामं करून, पुन्हा मिटवून घरी पाठवलं होतं.

टपरीवरून मी तिच्याबरोबर परत निघालो. मला वाटलं ती नाचत येईल. पण ती हळू चालत होती. बांधावर थांबून तिने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, मग उलटा करून पाहिला.

"हे तू सांगितलं नव्हतंस, हिनतेक. तू म्हणालास एकाला लागणार. त्यालाच लागणार असं नव्हतास म्हणाला."

"योगायोग, मावशी."

"तुझ्या शिंकेसारखा?"

मी फोचूच्या शाळेत शिकलेलं सगळं तिला पुन्हा सांगितलं. शंभर आकडे, प्रत्येकाला सारखी संधी, शून्य शून्यलाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे मान डोलावली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण दाढी कापल्यापासून तो नीट लिहायला लागला. माझ्या बाजूने."

त्या दिवसापासून मी शिंकेबद्दल कुणाला सांगायचं सोडून दिलं. त्या वेळी सांगितलं असतं तरी काय झालं असतं, हे मला कळून चुकलं.

फळी तिने दुसऱ्याच दिवशी काढली. लोक विनवण्या करत आले, वीस वीस बांबू घेऊन आले. "संपलं," ती म्हणाली. "माझं ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याकडून आलं." आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिच्या पाण्यात नऊ रांगा उभ्या होत्या. दिराच्या दहा बांबूंनी हद्द आखलेली. भरतीला तो आपल्या तराफ्यावरून जायचा तेव्हा त्याला आपलेच बांबू आपल्याकडे पाठ करून उभे दिसायचे. तिसऱ्या राजांना ताइनानहून नवी दाढी आली; तिचा खर्च काकांनी बिनबोभाट केला, फक्त ती आता छातीपर्यंत नाही, गळ्यापर्यंतच आहे. मावशी दर महिन्याला येते, उदबत्ती लावते आणि राजांच्या कानाशी काही तरी कुजबुजते. विनवणीचा सूर नसतो तो.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. 'सगळे खूश' बंद पडला, लोकांनी दुसरे खेळ शोधले. काकांनी ते दोन बांबू अजून दिलेले नाहीत. त्यांचं म्हणणं, मी आकडा लावलाच नाही, मग बांबू कसले? मावशीचं म्हणणं, मी वाचायचे घेतले होते, लावायचे नाही. आठव्या रांगेत किनाऱ्याकडच्या बाजूला तिने दोन बांबूंची जागा मोकळी ठेवली आहे. सहज बसतील असे बांबू तिच्या खोपीमागे पडून आहेत, पण ते ती लावत नाही. ओहोटीला ती जागा देवळाच्या पायरीवरून स्वच्छ दिसते, दात पडल्यासारखी.

परवा काका पायरीवर सुपारी चघळत बसले होते. मावशी टोपली घेऊन खालून चालली होती.

"वहिनी, जेवलीस का?" काकांनी विचारलं.

"दोन घास बाकी आहेत, कारभारी," ती म्हणाली, आणि थांबली नाही.